लग्नाच्या लॉनवर ‘भंगार’

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. चहाला चार टाळकी बसली, की एकाचं संपायच्या आत दुसरा म्हणतो, "अरे, हे तर काहीच नाही!" आणि ढीग वाढत जातो. आमच्या जळगावच्या कंपूत गेल्या हिवाळ्यापासून एकाच संध्याकाळचे किस्से चालू आहेत. ‘भंगार’ आले होते, त्या संध्याकाळचे!

‘भंगार’ म्हणजे मुंबईचा पंक रॉक बँड. आम्ही होस्टेलला असताना वसंताने त्यांची कॅसेट आणली होती. धडाधड ड्रम, त्यावर हिंदीत आरडाओरडा, आणि गाणं आवडतंय न आवडतंय तोवर खलास! टेप अडकली की वसंता पेन्सिलीने गुंडाळून परत लावायचा. आता बँडवाले साठी ओलांडून बसलेत, आम्ही पन्नाशी.

वसंता एरंडोलचा. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांशेजारी झाली. त्यात उजवा कान गेला, मग डावाही जायला लागला. डॉक्टर म्हणाले, "जे ऐकायचंय ते आत्ताच ऐकून घ्या."

वसंता हसून म्हणाला, "मग ‘भंगार’ला बोलवा!"

तो चेष्टेत बोलला होता. पण आमचा धुळ्याचा सुरेंद्र, कापडाचा व्यापारी, त्याला चेष्टा कळतच नाही. त्याने सरळ मुंबईला फोन लावला. आणि ते यायला तयार झाले!

*

सुरेंद्रच्या काकाजींचं जळगावला लग्नाचं लॉन आहे. ते त्यांनी दिलं. गेटवर मोठ्ठा फ्लेक्स लागला: ‘रविवारी संध्याकाळी येथे भंगार!’

शनिवारी सकाळी वॉचमनचा फोन. "साहेब, तीन कूलर आलेत, एक लोखंडी पलंग आलाय. कुठे ठेवू?"

सुरेंद्र ओरडला, "परत पाठव!"

"पलंगवाल्या बाई ऐकत नाहीत साहेब. म्हणतात, फ्लेक्सवर लिहिलंय!"

*

परवानगीचं काम मात्र सुरेंद्रनेच केलं. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हे पंक म्हणजे काय असतं?"

मी घाबरलो. काय सांगणार! सुरेंद्र शांतपणे म्हणाला, "साहेब, ऑर्केस्ट्राच असतो. फक्त चिडलेला."

"कोणावर चिडलेला?"

"सगळ्यांवर."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि सही ठोकली. "मग ठीक आहे. एकट्यादुकट्यावर असता तर अडचण होती!"

*

बँड आला. दाराला ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेली खोली त्यांना दिली. मी पाणी घेऊन गेलो, तर गायक आरशासमोर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होता. कॅसेटच्या कव्हरवर हवेत उडी मारलेला माणूस तो हाच! शेजारी गिटारवाला खांद्याला बाम चोळत होता.

माझा चेहरा पडलेला गायकाने ओळखला असावा. म्हणाला, "घाबरू नका हो. राग अजून आहे. फक्त उडी बंद केलीय."

मग हळूच विचारलं, "लोक येतील ना?"

मी म्हटलं, "येतील." खरं तर माझीही खात्री नव्हती. पण आले! निम्मे आमच्या वेळचे होस्टेलवाले, आणि निम्मे फ्लेक्सवरचं हे भंगार म्हणजे नेमकं काय ते बघायला.

*

ड्रमरने दुपारी हट्टाने शेवभाजी खाल्ली होती. वाढणाऱ्याने विचारलं, "कमी तिखट करू?" तर म्हणाला, "आपण पंकवाले आहोत!"

पहिलं गाणं सुरू झालं आणि ड्रमर असा काही सुटला, की गिटारवाला त्याच्यामागे धापा टाकत होता. गाणं अर्ध्या वेळात संपलं. माझ्या शेजारच्या एका काकांनी कौतुकाने विचारलं, "पंक इतकं फास्ट असतं?"

मी म्हटलं, "नाही काका. ती शेवभाजी आहे."

*

तिसऱ्या गाण्याला गायक वैतागला. समोर सगळे झालर लावलेल्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसलेले, जणू मंगलाष्टकं चालू आहेत! तो माइकमध्ये ओरडला, "बसून काय राहिलात? उठा! सगळे उठा!"

सगळे उठले. आणि शिस्तीत रांग लावून जेवणाच्या मंडपाकडे निघाले!

लग्नाच्या लॉनवर ‘उठा’ म्हटल्यावर माणूस दुसरीकडे जाणार तरी कुठे? सुरेंद्र हात पसरून आडवा उभा राहिला, तेव्हा लोक परतले. पण एक झालं. एकदा उठलेली माणसं परत बसली नाहीत. दोन गाण्यांत सगळे उड्या मारत होते, काकाजीसुद्धा!

*

बेसवाला अविनाश मूळचा पिंपळनेरचा. चाळीस वर्षं बँडमध्ये, पण कायम मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात उभा. त्या दिवशी पिंपळनेरहून त्याची मावशी आली होती. अक्का म्हणायचे सगळे तिला. सगळे उठले तरी ती एकटी खुर्चीत पुतळ्यासारखी बसून होती. पाचवं गाणं संपताच उभी राहून तिने अहिराणीत हाक मारली,

"अवी! तू बठ्ठास्ना मांगे काबर उभा शे रे? म्होरे ये ना!"

सगळ्यांच्या मागे का उभा, या प्रश्नावर लॉन हसलं. अविनाश लाजून मान हलवत होता. गायक लंगडत मागे गेला आणि त्याला हाताला धरून पुढे घेऊन आला. पुढचं गाणं अविनाश सगळ्यांत पुढे उभा राहून वाजवत होता आणि अक्का मागे वळून प्रत्येकाला सांगत होती, "आपला शे! आपला पोऱ्या शे!"

*

आता वसंताचं सांगतो.

तो पहिल्यापासून स्टेजला चिकटून उभा होता. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलेलं, कारण त्यातून नुसता खरखराट येत होता. डोळे मिटलेले आणि दोन्ही तळहात स्टेजच्या फळीवर टेकवलेले. फळीतून ड्रम हाताला लागायचे आणि त्यावर तो गात होता. कॅसेटचं शेवटचं गाणं चालू होतं.

मध्येच लाइट गेली. गिटार बंद, माइक बंद. ड्रमरला मात्र विजेची गरज नव्हती, तो वाजवतच राहिला. आणि ड्रमच्या वर आवाज उरला फक्त वसंताचा. बेसूर, फाटलेला, घशाच्या शिरा ताणून. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! फळी हलतेय, म्हणजे गाणं चालू आहे.

मी त्याला थांबवायला पुढे झालो. सुरेंद्रने माझा दंड धरला. "राहू दे."

गायक गुडघा सांभाळत स्टेजच्या कडेला, वसंताच्या अगदी समोर खाली बसला आणि माइकशिवाय त्याच्यासोबत हळू गायला लागला. लाइट आली. गिटारवाल्याने तारेला हात लावला नाही. वसंताने गाणं पूर्ण केलं.

डोळे उघडले तर समोर गायक आणि मागे सगळं लॉन त्याच्याकडे बघत उभं! वसंता कानशिलापर्यंत लाल झाला. "काय झालं रे? मी मोठ्याने म्हटलं का?"

गायक वाकला. वसंताच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलला. वसंता मान डोलवत होता. बोलून झाल्यावर दोघांचेही डोळे ओले.

एरंडोलला त्याला सोडायला निघालो, तेव्हा गाडीत सुरेंद्रला राहवेना. वसंताने मशीन परत कानात घातलं होतं. त्याच्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय सांगत होता रे तो?"

"काय माहीत!" वसंता म्हणाला. "मला कुठे ऐकू आलं?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण बोलला ते खरं होतं."