दारातला उतार

गेल्या महिन्यात नातवाच्या लग्नात आमच्या नातीने माइक हातात घेतला आणि आजी-आजोबांचं प्रेमप्रकरण सगळ्या हॉलला ऐकवलं. आजोबा रोज निघोज्याहून स्वतःच्या पिकअपमधून पिंपरीला कामावर यायचे आणि गाडी मुद्दाम आजीच्या दारात लावायचे, तीही दिवसभर. त्या काळात एवढी हिंमत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. ही गोष्ट निघाली की मी हात जोडतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

खरं असं आहे की मी गाडी तिथे लावायचो, कारण तिथे उतार होता.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता आणि मला तिथल्या स्टोअरमध्ये कारकुनाची नोकरी लागली होती. बाकीचे लोक सायकलने येत, नाहीतर दापोडीकडून रेल्वेने. मला मात्र मोटारच हवी होती. लढाईआधीची, अमेरिकन बनावटीची एक पिकअप लष्कराच्या लिलावात भंगार म्हणून निघाली, ती मी घेतली. वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, "हिला खायला काय घालायचं?" एवढंच विचारलं आणि ते शेतावर निघून गेले.

दापोडीच्या एका मिस्त्रीकडे ती वर्षभर पडून होती. दर रविवारी जाऊन मी गंज घासायचो. मागे सागाच्या फळ्यांचा नवा हौदा बसवला, सीटला नवं रेक्झिन चढवलं, आणि सगळ्या अंगाला बाटलीसारखा हिरवा रंग दिला. उभी असताना गाडी अतिशय देखणी दिसायची. अडचण तिला चालवायची म्हटलं की यायची. सेल्फ-स्टार्टर मेलेला होता. इंजिन फिरवायचं हँडल पुढून मारायला गेलो तर ते उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं, त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. हँडब्रेक शोभेपुरता होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, उतारावर लावत जा. सुटली की क्लच सोडायचा, आपोआप पेटते."

निघोज्यात घरापुढेच उतार होता, त्यामुळे सकाळची काळजी नव्हती. पिंपरीचा माळ मात्र भाकरीसारखा सपाट. पहिला आठवडा स्टोअरमधल्या लोकांनी संध्याकाळी हौसेने गाडी ढकलली. दुसऱ्या आठवड्यात ते भोंगा झाला की मागच्या फाटकाने जायला लागले.

मग उतार शोधत मी गावात शिरलो. दोन सापडले. एक स्मशानाकडे जाणारा. दुसरा नदीकडचा, आणि त्याच्या माथ्यावर एका शेतकऱ्याचं घर होतं. मी विचारलं, "इथे गाडी लावली तर चालेल का?"

"लावा की राव," ते म्हणाले. "आमच्या काय डोक्यावर हाय?"

सकाळी मी गाडी उतारावर उभी करून माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाला दगड लावायचो. संध्याकाळी पंचाईत व्हायची, कारण दगड काढला की गाडी सुटणार आणि मी खाली. दगड काढायला दुसरं कुणीतरी हवं. पहिले दोन दिवस घरमालकांनी काढला. नंतर त्यांची मुलगी काढायला लागली.

मी स्टिअरिंगवर बसून ओरडायचो, "काढा!" ती पदर खोचून यायची आणि म्हणायची, "आज चालंल, का बैल आणू?" मग पायाने दगड उडवायची. गाडी सुटायची, मी क्लच सोडायचो, दोन आचके बसायचे आणि इंजिन पेटायचं. दोन वर्षं आमच्यात एवढाच व्यवहार होता. ती दिसायला कशी होती असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. माझे कान इंजिनाकडे असायचे.

एका शनिवारी तिला बघायला खेडकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मास्तर. तिच्या वडिलांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "उद्या तेवढी मोटार लवकर हलवा, पाव्हणं. दारात बरी दिसत न्हाई." मी अर्ध्या दिवसाची सुटी झाल्याबरोबर आलो. तिच्या धाकट्या काकांनी माझा दगड काढला. गाडी बोटभर पुढे सरकली आणि थांबली.

ब्रेक जाम झाले, मी निदान केलं. या गाडीचा नट न् नट मला माहीत आहे, असं मी सगळीकडे सांगत असे. बॉनेट उघडलं, ब्रेकशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टी खोलल्या, पुन्हा बसवल्या. मग माझ्या बाजूने गाडीखाली शिरलो. तेवढ्यात पाहुणे आले. मुलीच्या घराचं त्यांना झालेलं पहिलं दर्शन म्हणजे हिरव्या मोटारीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय.

"हे कुणाचे पाय?" मास्तरच्या मामांनी विचारलं.

शेजारची म्हातारी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "रोजचंच हायेत."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि पोहे न खाता ते गेले. ते वळणाआड गेल्यावर मी शेवटचा उपाय म्हणून स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी लोण्यासारखी उतारावरून निघाली. मला इतका आनंद झाला की मी मागे वळूनही पाहिलं नाही. आपण खालून काहीतरी बरोबर ठोकलं, या समजुतीवर मी पुढे कित्येक वर्षं लोकांना ब्रेक दुरुस्त करायला शिकवत होतो.

सोमवारी तिचे वडील उतारावर माझी वाट पाहत उभे होते. चेहरा उतरलेला. "मोडलं राव," ते म्हणाले. "लोक इचारत्यात, ही मोटार दारात कशापायी असती? आता तुमीच सांगा, कशापायी असती?"

उतारासाठी, एवढाच शब्द बोलायचा होता. पण दोन वर्षं मी फक्त तिचा उतार वापरला आणि तेवढ्यापायी तिचं स्थळ मोडलं, हे त्या माणसाला तोंडावर सांगायची छाती झाली नाही. मी म्हणालो, "तिच्यासाठीच." त्यांनी डोळे पुसले. चौकशी केली तर आम्ही नात्यातले पाहुणेच निघालो. दोन महिन्यांत लग्न झालं.

वरात पिकअपमधूनच निघाली. पुढच्या सीटवर माझे मामा आणि बँडवाल्याचा ढोल बसला. नवरी मागे हौद्यात, बायकांबरोबर. गाव संपल्यावर सपाटीला गाडी बंद पडली आणि सासरच्या मंडळींनी ती ढकलली. संसार सुरू झाल्यावर पेट्रोल परवडेना, म्हणून महिन्याच्या आत मी ती चाकणच्या एका कांदा व्यापाऱ्याला विकली आणि सायकल घेतली.

मास्तरची खबर मात्र मी ठेवली. तो हेडमास्तर झाला, त्याने पुण्यात बंगला बांधला. आम्ही चाळीच्या दोन खोल्यांत मुलं वाढवत होतो, तेव्हा बायको नळावर रांगेत उभी दिसली की मला तो बंगला आठवायचा. माझ्या गाडीला उतार मिळाला, त्याची किंमत हिने भरली, हे मनातून कधी गेलं नाही.

नातीचं भाषण झालं त्या रात्री पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये बायको आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. "अगं, मी उतारासाठी येत होतो."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "दोन वर्सं दगड काढला. एकदा तरी माज्याकडं बघितलं व्हतं का?"

"पण तुझं स्थळ माझ्यामुळे मोडलं. ब्रेक जाम झाले नसते तर—"

"बिरेकला काय झालं न्हवतं. पलीकडच्या मागच्या चाकाला मी दगड लावला व्हता. पाव्हणं गेल्यावर काढला."

गाडीखाली मी अर्धा तास होतो. नुसती मान उलटीकडे वळवली असती तर दगड दिसला असता. मग मी जरा सावरून बसलो, आणि या वयातही मला थोडी आशा वाटली, हे लपवत नाही. "म्हणजे तुला मी—"

"तुमी न्हाई वो," ती म्हणाली. "मला मोटारीत बसायचं व्हतं. फुडं, काचंच्या मागं. मास्तराकडं कुठली मोटार?" तिने साडीची घडी दाबून ठेवली. "तर वरातीत मला हौद्यात बसवलं, आन नंतर तुमी गाडीच इकून टाकली."

नातू कधी आम्हाला गाडीतून नेतो तेव्हा ती माझ्याआधी लगबगीने पुढचं दार उघडून बसते. मी समजत होतो, गुडघे दुखतात म्हणून.