सर म्हणाले, कच्चं खा

हसणारच असाल तर आधी चहा संपवा, उगाच नाकात जाईल. मी माजलगावच्या धरणाकाठी बसून आठ दिवस कच्चे मासे खाल्लेत. मी म्हणजे घाटनांदूरच्या लिंगायत किराणा दुकानदाराचा थोरला मुलगा. आमच्या घरात अंड्याचा विषय निघाला तर आई दार लोटून घ्यायची.

तेव्हा मी माजलगावला कॉलेजात होतो. खोली करून राहायचो आणि पाच हजार मीटर पळायचो. पळायचो म्हणजे काय, निघायचो सगळ्यांच्या पुढं, पण शेवटच्या दोन फेऱ्यांत दम संपायचा आणि पोरं एकेक करून मला मागं टाकून जायची.

त्याच सुमाराला गावात केबल आली. स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर एक परदेशी धावपटू जेवताना दाखवला. ताटात गुलाबी माशाचे तुकडे, ना फोडणी, ना तिखट. बोलणं सगळं इंग्रजीत, त्यात कढईचा आवाज. मला एवढंच कळलं की हा गडी मासा कच्चा खातो आणि पहिला येतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चहा पिऊन घरी गेला असता. मी दुसऱ्या दिवशी मैदानावर आमच्या खेळाच्या सरांना गाठलं. सर फौजेतून आलेले, कमी बोलणारे.

"सर, कच्चं खाल्ल्यानं दम वाढतो का?"

"वाढतो की. शिजवलं की निम्मं सत्त्व पाण्यात जातं. रोज सकाळी मूठभर खा. नीट चावून."

"वास येत असंल ना, सर?"

"थोडा येणारच. ताजं घ्यायचं, शिळं झालं की चिकट होतं. लईच वाटलं तर वर गुळाचा खडा खा."

मी दबक्या आवाजात विचारलं, "घरी कळलं तर?"

सरांनी कपाळाला आठी घातली. "कळलं तर काय होतंय? तुमच्या दुकानात तर पोत्यानं असंल."

मला वाटलं, सर चेष्टा करतायत. फौजेतली माणसं अशी चेष्टा करतात म्हणे.

धरणाच्या रस्त्याला गयामावशी नावाची बाई पाटीत मासे घेऊन बसायची. नवरा जाळं टाकायचा, ही विकायची. मी तिच्याकडं एक लहान मासा मागितला.

"एका माशाचं कालवण व्हतंय व्हय, दादा?"

"कालवण न्हाई करायचं, मावशी. असाच खायचा हाय."

तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, मग मासा साफ करून, तुकडे करून दिला. मी बाभळीच्या आडोशाला गेलो. गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी पाठीकडं सरकवली, म्हणजे देवाला निदान समोरून दिसायला नको. नाक धरलं आणि पहिला तुकडा तोंडात टाकला.

कसा लागला म्हणून विचारू नका. ओल्या दप्तराचा कोपरा चघळल्यासारखा लागला. मी तीन खडे गूळ खाल्ला आणि आपण आता जागतिक दर्जाचे झालो असं समजून खोलीवर आलो.

तिसऱ्या दिवशी मावशीनं विचारलं, "तुला घरी कुणी हाय का, बाबा?"

"हायत की. पण त्यांना कळू द्यायचं न्हाई."

"स्टोला रॉकेल मिळंना व्हय?"

"रॉकेल हाय. पण सर म्हणालेत, शिजवायचं न्हाई."

मावशीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, कौतुक करतीय. मग मी तिला शर्यतीचं सांगितलं, माझी खोली कुठं आहे तेही सांगितलं.

इकडं मैदानावर सर सगळ्या पोरांना म्हणाले, "ह्याच्याकडं बघा. आठवडाभर रोज सकाळी कच्चं खातोय. तुमी भजी खाता." पोरांनी मान खाली घातली. माझी छाती इतकी फुगली की पोटात जे गुरगुरत होतं तिकडं माझं लक्षच गेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, दुकान बंद ठेवून आले. मला पळताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पांढरी टोपी घालून ते दोरीजवळ उभे राहिले. दोन फेऱ्या मी सगळ्यांच्या पुढं होतो. आप्पांनी शेजारच्या माणसाला माझ्याकडं बोट करून दाखवलेलं मी बघितलं.

तिसऱ्या फेरीला पोटात पीळ पडला. चौथीला मी मैदान सोडलं आणि शेजारच्या उसात शिरलो. शर्यत संपली, बक्षिसं वाटून झाली, तरी मी उसातच होतो.

शेवटी सरांनी आणि आप्पांनी मला धरून खोलीवर आणलं. खाटेवर निजवलं.

"सकाळी किती खाल्लंस?" सरांनी विचारलं.

"निम्माच."

"निम्मा? निम्मा काय?"

"मासा, सर."

सर हळूच खुर्चीवर बसले. "अरे, मी मटकी म्हणत होतो. मोड आलेली मटकी."

"तुमी कच्चं म्हणाला होता, सर."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लिंग कुठं होतं तवा?"

"पाठीवर."

ते काही बोलायच्या आत दारात गयामावशी उभी. हातात झाकलेलं पातेलं. "लेकराची शर्यत व्हती म्हणून आज शिजवून आणलंय," ती म्हणाली. मग आप्पांकडं वळली. "तुमी कोण ह्याचे?"

"बाप."

"बाप असून पोरावर कच्चा मासा खायची पाळी आणली? कालवणाला मीठमिरची बी देऊ नये माणसानं?"

मिठामिरचीचाच धंदा करणारे आप्पा उठून उभे राहिले. मला खाटेखाली जावंसं वाटत होतं. वाटलं, आता हे त्या बाईला काहीतरी लागेल असं बोलणार. त्यांनी हात जोडले.

"चुकलं माझं, बाई. तुमी माझ्या पोराची काळजी घेतली." आणि ज्या माणसानं जन्मात मासळीच्या पाटीजवळ पाय टाकला नव्हता, त्यानं ते गरम पातेलं दोन्ही हातांनी घेऊन कोपऱ्यात ठेवलं. मावशीला पाणी दिलं, मला तिच्या पाया पडायला लावलं.

मावशी गेल्यावर सर ओशाळून म्हणाले, "आप्पा, चूक माझी बी हाय. मी मटकीचं नाव घ्यायला पाहिजे होतं."

"तुमची कशाची चूक, सर?" आप्पा टोपी घालत म्हणाले. "पोरगं कॉलेजात शिकतंय म्हणून मी गावभर सांगतो. त्या बाईला वाटलं खायला न्हाई, तुमाला वाटलं मटकी खातोय. हा वेडा हाय असं कुणाच्याच मनात आलं न्हाई, एवढी अब्रू राहिली माझी."