दिवा नव्हे, इरलं आहे ते

बुधी वाघमारेवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कळंबजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर टेंपो घेऊन कातकरवाडीत आला आणि तिच्या दारावरचं इरलं घेऊन गेला. "पाहुण्यांना दाखवतो, दिवाळीनंतर आणून देतो," म्हणाला. तिने विश्वासाने दिलं. गेल्या महिन्यात ती गेली. मला फोन आला तो वरच्या ठाकूरवाडीतल्या सोमीमावशीचा. "बुधी गेली गं... आता पानं कुणासाठी आणू?"

इरलं म्हणजे लावणीला वाकल्यावर डोक्यापासून कमरेपर्यंत पाऊस अडवणारा आडोसा. बांबूच्या दोन जाळ्या आणि मध्ये दाबलेली पळसाची पानं. जाळ्या कातकऱ्यांच्या बुधीआजीने विणलेल्या, पानं ठाकरांच्या सोमीमावशीची. दरसाल पाऊस लागायच्या आधी मावशी पानांचा भारा घेऊन डोंगर उतरायची, जुनी पानं काढून नवी घालायची आणि जाताना सुकी मासळी घेऊन जायची. काम थोडं, भांडण जास्त. "जाळी ढिली हाय गं तुझी, म्हातारी झालीस." "आनि तुझी पानं? गाईच्या तोंडातली काढून आनलीस का?"

आदिवासींच्या वस्तूंवर पत्रक लिहीत होते तेव्हा मी बुधीआजीला मोबाइलवर एक अंगरखा दाखवला होता. जपानच्या उत्तरेकडच्या आयनू लोकांचा, झाडाच्या सालीच्या धाग्यांचा. सोबत काचेच्या मण्यांची माळ. ते मणी त्यांच्याकडे पलीकडच्या बेटावरच्या शेजारी जमातींशी देवाणघेवाण करून यायचे, हे मी वाचून दाखवलं. ती चित्र बोटाने मोठं करून बघत राहिली. "मंग माळ दोघांची झाली. खाली नाव कुनाचं लिवलंय?" मी म्हटलं, एकाच जमातीचं. "बघ! तिकडं बी अर्धंच लिवत्यात."

इथे तर अर्धंही लिहिलं नाही. दिवाळी होऊन गेली तरी इरलं येईना, म्हणून मी रिसॉर्टवर गेले. जेवणाच्या हॉलमध्ये ते उलटं टांगलेलं होतं. पानं उपसून टाकलेली, जाळीत पिवळा बल्ब, खाली पाटी: 'कातकरी दिवा'. कातकऱ्यांच्या कुठल्या पिढीने असला दिवा लावला होता? मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पानांना किडे लागले होते. आता बघा, किती छान प्रकाश पडतो!" परत मागितलं तर म्हणाला, "नवीन विणून घ्या ना, त्यांना काय अवघड आहे?"

बुधीआजीची बोटं तोवर आखडली होती. कोयता धरवत नव्हता, विणणं कुठलं? तरी ती स्वतः मागायला गेली. वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. वाडीत येऊन बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दिवा क्येला म्हनं... सोमीला सांगू नको गं. तिची पानं टाकली, तिला लई लागंल."

मी सांगितलं नाही. म्हणून यंदाही मावशी भारा घेऊन उतरली. बुधीआजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. "इरलं अजून रिसॉर्टवरच हाय," एवढंच तिने सांगितलं. मग मावशीने तो भारा दारावरच्या रिकाम्या खुंटीला अडकवला. "येईल तवा घालू." पानं आता सुकून तपकिरी झालीत. वारा आला की खुळखुळतात. काढायला कुणी धजत नाही.

या शनिवार-रविवारी तुमच्यापैकी कुणीतरी त्या पिवळ्या उजेडात जेवायला बसणार आहे. फोटोही काढाल. तर ताट बाजूला सारा आणि मॅनेजरला बोलवा. त्याला सांगा, हा दिवा नाही, हे बुधी आणि सोमीचं इरलं आहे, बल्ब काढ आणि आत्ता टेंपोत घाल. टेंपो त्याच्याकडे आहे. वाडीचा रस्ता त्याला माहीत आहे. टेंपो फाटकाबाहेर पडेपर्यंत जागचे उठू नका.