अहेव नवमीचं पान

खापरपणजोबांचा माग काढायचं मी मनावर घेतलं तेव्हा काका भलतेच खूश झाले. बेळगुंदीच्या आमच्या घरात त्यांची कथा ठरलेली होती. इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले, समुद्रापार लढाईत पडले, मागं विशीतली बायको आणि पाळण्यातला मुलगा. याला कागदाचा आधार तेवढा नव्हता. बँकेत उभी हयात गेलेल्या बाईला कागद कसा मिळवायचा ते शिकवावं लागत नाही. मी पुण्याला अर्ज केले, दिल्लीला केले, बेळगावात खेटे घातले. कुठंच काही मिळालं नाही. तरी मी हार मानणाऱ्यांतली नव्हे.

आदल्याच वर्षी माझे वडील, आमचे आप्पा, गेले होते. पितृपक्षात अहेव नवमीला, म्हणजे नवरा हयात असताना गेलेल्या बायकांच्या दिवशी, आम्ही पान वाढतो आणि एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतो. त्या वर्षीही पोळ्या, वडे, गवारीची भाजी, सगळं आईनंच रांधलं. सवाष्ण दारात आली तशी आई हात पुसत परसात निघून गेली. विधवेनं ओटीच्या वेळी समोर असू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं.

"ऱ्हाऊ दे गं, रीत हाय," आई म्हणाली.

सवाष्ण गेल्यावर मी घुश्शातच विचारलं, "हे पान तरी कुणाचं?"

"तुज्या खापरपणजीचं. सासूबाई वाढायच्या, म्हणून मी वाढते."

"अगं, ती तर विशीत विधवा झाली ना? मग नवमीला कशी?"

मला फळीवरची तांब्याची घागर आठवली. आजोबांच्या लग्नात खापरपणजीनं नातवाला दिलेली. आमच्याकडं आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. चिंच लावून घागर घासली, तर तिच्या नावाआधी ठसठशीत 'सौ.' होतं. नातवाच्या लग्नातसुद्धा ही बाई सौभाग्यवती! आणि खापरपणजोबांचं पान तर काका दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला वाढतात, तिथी माहीत नसलेल्यांच्या दिवशी.

मला लख्ख कळलं. ते गेल्याची खबर कधी आलीच नव्हती. आणि खबर नाही म्हणून तिनं कुणाला आपल्या कपाळावरच्या कुंकवाला हात लावू दिला नव्हता, पार म्हातारी होऊन मरेपर्यंत. लढाईतलं मरण घरच्यांनी मागाहून चिकटवलं.

काका हिरमुसले. "म्हंजे पळून गेलता म्हणायचा व्हय?"

"गेलाही असेल. मला आता तिचा अभिमान वाटतो," मी म्हणाले.

यंदा नवमीला मी सवाष्ण बोलावलीच नाही. पाट मांडला आणि आईला म्हटलं, "तू बस."

"लोक काय म्हणतील गं?"

"तिला काय कमी म्हणाले असतील?"

आईनं घागरीकडं बघितलं. मग पाटावर बसली. मी कुंकवाचा करंडा घेऊन पुढं वाकले आणि एवढी तोंडाळ मी, माझाच हात जागच्या जागी थांबला.

"लाव की," आई म्हणाली. "जरा मोठं लाव. तुज्या आप्पास्नी मोठं आवडायचं."