ठमीमावशीचा आटणारा समुद्र

आमच्या ठमीमावशीला कोणी नुसती स्वयंपाकीण म्हटलं ना, की माझं डोकं फिरतं. स्वयंपाक करते ती, चाळीस पोरींचा, आणि झकास करते. पण तेवढंच तिचं माप काढायचं म्हणजे काय? मी सुरभी, पोशीरची, कशेळ्याजवळच्या या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. नऊ वर्षं तिला पाहतेय. शिकलेली मी आहे. पण शिकवलंय तिनं मला, हे आधीच सांगून टाकते.

ठमीमावशी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. साठीला टेकलीय. आमच्याकडं येणाऱ्या तांदळात खडे फार, म्हणून दर रविवारी दुपारी पोरी सुपं घेऊन पडवीत बसतात आणि आठवड्याचा तांदूळ निवडतात. हात चालू असले तरच मावशीची गोष्ट चालू. एखादीचा हात थांबला की मावशीचं तोंड बंद! मग बाकीच्या त्या पोरीवर अशा खेकसतात की विचारू नका. मी दहा वेळा ओरडून जे काम होत नाही, ते असं होतं.

यंदा जूनपासून तिनं समुद्राकाठच्या एका गावाची गोष्ट लावली होती. मनी आणि झिपरी या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी. त्यांच्या गावचा समुद्र चोरीला जातो. होड्या चिखलात रुतून पडतात, मासे उघडे पडतात, म्हातारी माणसं रडतात. मग या दोघी बैलगाडीएवढ्या खेकड्यावर बसून चोराच्या मागावर निघतात. काय काय घडायचं त्यात! बोलणारे शंख, वाळूखालची पोलीसचौकी, दाढी असलेला मासा. पुढच्या रविवारपर्यंत पोरी एकमेकींना विचारून हैराण, चोर कोण म्हणून.

त्याच जूनमध्ये कोंडी आली. नऊ वर्षांची. तिचा बाप धाऊ अलीकडंपर्यंत खाडीवर होड्यांची कामं करायचा, पोर तिथंच वाढली. यंदापासून नवरा-बायको वीटभट्टीवर जाणार, म्हणून पोरीला इथं घातलं. आणि ही पोर बोलेना. एक शब्द नाही! मी गोंजारलं, रागावले, चॉकलेट दिलं, लिहून दाखव म्हटलं. ढिम्म. जेवण अर्धं टाकायची. वर्गात बाई नाव घ्यायच्या तेव्हा मान खाली. तिच्या शेजारच्या खाटेवरची संध्या म्हणजे नुसती तोफ. ती सुरुवातीला खूप बोलायची तिच्याशी, मग तीही कंटाळली.

चार महिने झाले तसा माझा धीर सुटला. पोर वाळत चालली होती, उद्या काही झालं तर जबाबदार मी. धाऊला फोन लावला. म्हटलं, "दादा, पोर मुकी झालीय. घेऊन जा." येत्या रविवारी येतो म्हणाला. शाळेतनं दाखलाही आणून ठेवला मी. हा दाखला घेतला की कोंडी परत शाळेचं तोंड बघणार नाही, भट्टीवर चिखल तुडवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते केलं. ठमीमावशीला सांगितलं तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. वरणाचं पातेलं मात्र असं आदळायची की मला सगळं कळत होतं.

तो रविवार आला. धाऊ अजून पोचायचा होता. पोरी तांदूळ घेऊन बसल्या, कोंडी कोपऱ्यात. मावशीनं गोष्ट उचलली. "मंग काय झालं, होळी सरली. उरलासुरला समुद्र बी आटला. मनी आन् झिपरीला लागली तहान. मनीनं समुद्राच्या तळाला हातानं झिरा खनला. हळूहळू पानी पाझरलं. गोड पानी! दोगी पोटभर प्यायल्या."

"गोडं नाय."

कोण बोललं हे कुणालाच कळेना. सगळ्यांचे हात थांबले.

"समुद्राचं पानी खारट असतंय," कोंडी म्हणाली. "आन् तो आटत नाय. कोन चोरीत बी नाय. दिवसातनं दोनदा जातो आन् परत येतो."

चाळीस पोरी खो खो हसायला लागल्या. त्यांची तरी काय चूक? सगळ्या डोंगरातल्या. होळीनंतर नदी आटते, मग नदीच्या पोटात झिरे खणायचे, वाटीवाटीनं हंडा भरायचा, हे पाणी त्यांनी पाहिलेलं. संध्या तर ओरडलीच, "एवडं पानी दिवसातनं दोनदा नेतो कोन, तुझा बा?" पुन्हा हशा. कोंडीची मान हळूहळू खाली चालली. देवा रे! आता ही परत कधी बोलायची नाही!

मी पुढं होणार, तेवढ्यात ठमीमावशीनं सूप खाली ठेवलं. "गप गं सगळ्या! कोंडे, तू पायलंस?"

"रोज."

मावशीचा चेहरा पडला. तो मी पाहिला, खोटं कशाला बोलू? चार महिन्यांची गोष्ट होती ती, आणि चाळीस पोरी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. ती नुसती "गोष्टीत चालतं असं" म्हणाली असती तरी निभलं असतं. मी शिकलेली बाई. पोरींचा अभ्यास घेताना माझं चुकलं तर मी पटकन फळा पुसते आणि पुढं जाते. ही म्हणाली, "मंग माझी गोष्ट खोटी. मी समुद्र कदी पायला नाय गं. आमच्या नदीचाच समुद्र केला मी. कोंडी म्हनते तेच खरं." आणि सरकून तिनं आपली जागा मोकळी केली. "हितं बस. कसा जातो तो, मना सांग."

कोंडी आली. आधी अडखळली, मग बोलायला लागली ती लागलीच. पाणी गेल्यावर चिखलात पाय कसा रुततो, परत येताना ते गुपचूप कसं येतं, होड्या आपोआप कशा उभ्या राहतात. मावशी पोरींच्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि मधेच, "अगं बया! मंग?"

एवढ्यात धाऊ आला. हातात पिशवी. मी ओठांवर बोट ठेवलं, तसा तो दारातच उभा राहिला.

संध्याला राहवेना. "पन मग चोर कोन?"

कोंडीनं थोडा विचार केला. "चोर नायच. समुद्राची एक मैत्रीण हाय, पल्याडच्या गावात. तिला भेटाया जातो. मनी-झिपरीनं सोता पायलं, खेकड्यावरनं."

"आन् तिकडंच राह्यला तर?"

"नाय राहत. हितं बी त्याची मानसं हायत."

संध्या सूप घेऊन सरकत सरकत तिच्या शेजारी जाऊन बसली. माझे डोळे भरून आले, लाज कसली त्यात?

मग कोंडीला बाप दिसला. उठून धावली, आणि अर्ध्यातच थांबली. "बाबा, न्याया आलास?"

धाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी हातातला दाखला पदराखाली दाबला आणि म्हटलं, "छे गं! भेटायला आलेत."

पोर परत आपल्या जागी पळाली. धाऊनं तोंड पुसलं, हळूच म्हणाला, "म्याडम, तुमी फोनवर तर बोल्लात, पोर मुकी झालीय म्हनून."

मी मान खाली घातली. ठमीमावशीनं तांदळातनं मान वर केली.

"मुकी कशाची! मीच चार महिने खोटं सांगत व्हते. पोरीनं ऐकून घेतलं बिचारीनं."