चाचींची चिठ्ठी

आमच्या सेक्टरातले इस्त्रीवाले चाचाजी सगळ्या पक्षांचे कुडते एकाच कोळशावर कडक करतात आणि म्हणतात, "नेता कोई भी हो, सिलवटें वही हैं जी." सातवीतून शाळा सोडून मी चंदीगडला आलो, तेव्हा खोली त्यांनीच मिळवून दिली होती.

परवा मतदार चिठ्ठ्या वाटणाऱ्या मॅडमनी विचारलं, "चाचीजी दिखती नहीं? नहीं रहीं तो नाम काटना पड़ेगा."

"मायके गई है," चाचाजी म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात चाचींना खांदा देणाऱ्यांत मी होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरत मान डोलावली.

मॅडम चाचींची चिठ्ठी देऊन गेल्या. चाचाजींच्या मुठीत ती चुरगळली होती. इस्त्री जरा निवू देऊन त्यांनी ती हलक्या हातानं सरळ केली.