मागची पंगत

माझी कोचची शेवटची नोकरी गेली ती तोंडामुळे. मॅच हरल्यावर पत्रकारांनी विचारलं, चूक कुणाची, आणि मी सरळ क्लबच्या मालकांच्या जावयाकडे बोट दाखवलं, कारण गोल सोडणारा गोलकीपर त्यानंच आमच्या गळ्यात मारला होता. तीन दिवसांत मी घरी. मग महिनाभर टीव्हीवरच्या रेफरींना शिव्या घालत बसलो. अशाच एका दुपारी एका कन्नड वाहिनीचा फोन आला, फुटबॉलच्या मॅचला स्टुडिओत बसून बोलाल का म्हणून. बायको म्हणाली, "तोंडानं घालवली, तोंडानंच मिळवली. आता तरी स्वल्प सांभाळून बोला." इथं कर्नाटकात, चामराजपेटेतल्या आमच्या घरात मराठी अशीच आहे. वाक्यात कन्नड कधी शिरतं ते कळतही नाही.

स्टुडिओत मी सुरुवातीला अगदीच टाकाऊ होतो. तोंडाला पावडर लावायची, अंगात कोट, कानात ऐकायचं एक बोंडुक. त्या बोंडकातून निर्माता सारखा बोलत राहणार आणि आपण मात्र त्याला उत्तर द्यायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती. शिवाय कोचला सवय असते ती हातचं राखून बोलायची. उद्या कोण खेळणार? बघू. डावीकडून का अडकलात? चर्चा करू. तीस वर्षं मी हेच केलं होतं. आणि आता निर्माता कानात म्हणायचा, "सर, आतली गोष्ट सांगा. बाहेरची सगळ्यांना दिसतेच आहे." तीन महिने बघू आणि मग ठरवू, असं त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या तीन महिन्यांतच माझ्या एका जुन्या खेळाडूची परीक्षा चालू होती. हा के. आर. पुरमचा, रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, घरची भाषा तमिळ. माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, अंगानं काटकुळा, बोलणं जेमतेम. आता चाळिशी गाठलेला, आणि पहिल्यांदाच एका मोठ्या क्लबाचा मुख्य कोच झालेला. लागोपाठ पाच मॅच हरला होता. सहावी हरला तर त्याला काढणार, हे गावभर झालं होतं. मॅचच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला. आम्ही एकमेकांशी कन्नडमध्येच बोलतो. म्हणाला, "सर, त्या दिवशी स्टुडिओत तुम्हीच आहात ना? बरं झालं. निदान एक माणूस तरी आपला."

त्याला मराठी येत नाही. येतात ते फक्त काही शब्द, आणि ते माझ्यामुळे. मी कोच झालो तेव्हा माझ्या संघात तमिळ, मल्याळी, मणिपुरी, कन्नड अशी सगळी सरमिसळ होती. कडेला उभं राहून कन्नडमध्ये ओरडलं तर समोरच्या कोचला कळायचं, तमिळमध्ये ओरडलं तर कळायचं, हिंदी तर सगळ्यांनाच कळायची. राहिली मराठी. या शहरात आमची मराठी घराबाहेर फारशी पडत नाही, ते माझ्या पथ्यावर पडलं. मी घरातले शब्द मैदानावर आणले.

लहानपणी आम्ही जवळच्या मैदानावर खेळायचो आणि आई दारात उभी राहून हाक मारायची, "पानं वाढली!" म्हणजे जेवायला बसा. सगळे धावत सुटायचे. मी कॉर्नरच्या वेळी तीच हाक ठेवली. "पानं वाढली" म्हटलं की आमच्या पाच जणांनी गोलच्या जवळच्या खांबाकडे धाव घ्यायची. त्यांच्यामागे समोरचा बचाव धावणारच. आणि एकानं मात्र बॉक्सच्या बाहेर, काही घेणंदेणं नसल्यासारखं उभं राहायचं. त्याचं नाव मागची पंगत. कार्याच्या घरात वाढणारे दमूनभागून शेवटी बसतात, ती पंगत. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण बासुंदीचं पातेलं त्यांच्याच पुढ्यात येतं. कॉर्नर घेणाऱ्यानं चेंडू खांबाकडे न मारता मागं या माणसाकडे सरकवायचा.

के. आर. पुरमचा हा मुलगा माझी मागची पंगत होता. स्वभावानंही तसाच होता. शिबिरात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून मग जेवायला बसायचा. बॉक्सबाहेरून त्यानं माझ्यासाठी किती गोल मारले ते मला आता आठवत नाही, पण प्रत्येक गोलनंतर तो कडेला बघून हाताचा घास तोंडाकडे नेल्यासारखा करायचा, ते आठवतं.

तर ती सहावी मॅच. मध्यंतराला काही मिनिटं राहिली होती, त्याच्या संघाला कॉर्नर मिळाला. वाहिनीनं त्या मोसमात स्टुडिओ स्टेडियममध्येच थाटला होता आणि मैदानाच्या कडेला माइक लावले होते. त्यातून त्याचा आवाज आला, "पाना वाडली! पाना वाडली!" नं नाही, ढ नाही, पण माझ्या आईची हाक. स्टुडिओत मी खुर्चीत ताठ झालो. पाच पोरं खांबाकडे धावली, चेंडू मागं आला, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलानं तो सरळ जाळ्यात मारला. एक शून्य. कॅमेरा कडेला उभ्या कोचवर गेला तर तो हाताचा घास तोंडाकडे नेत होता. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या सगळ्या गेलेल्या नोकऱ्यांचं काही वाटेनासं झालं.

मध्यंतर झालं. सूत्रसंचालक मुलीनं तो आवाज पुन्हा ऐकवला आणि विचारलं, "सर, ही कुठली भाषा? कोच काय ओरडतायत?" कानात निर्माता म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल तर सांगा सर, सांगाच."

आणि मी सांगितलं.

नुसतं सांगितलं असतं तर एक वेळ ठीक. मी उठून मोठ्या पडद्यापाशी गेलो, बोटानं बाण काढले. आई सांगितली, पंगत सांगितली, बासुंदी सांगितली. हे पाच इकडे जातात, बचाव फसतो, आणि बघायचं असतं ते या एकट्याकडे, असं म्हणून त्याच्याभोवती लाल गोल काढला. स्टुडिओतली माणसं टाळ्या वाजवत होती. निर्माता कानात म्हणाला, "सर, अद्भुत." तीन महिन्यांत पहिल्यांदा मी चांगला बोललो होतो. आणि मला त्याचा काय आनंद झाला होता! हा माझा शिष्य, ही माझी युक्ती, हे मला सगळ्या कर्नाटकाला सांगायचं होतं.

दुसऱ्या हाफमधल्या पहिल्या कॉर्नरला मला दिसलं. पाच जण धावले, बचाव धावला, आणि समोरच्या संघाचा एक बुटका खेळाडू जागचा हललाच नाही. तो बॉक्सबाहेर, मी लाल गोल काढला होता त्याच जागी उभा होता. "पाना वाडली!" चेंडू मागं आला तो त्याच्या पायात. तिथून तीन पासात गोल. मी पावडर लावलेलं तोंड दोन्ही हातांनी झाकलं, आणि कानात आवाज आला, "सर, हात खाली, कॅमेरा तुमच्यावर आहे." शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघानं आणखी एक गोल केला आणि माझा शिष्य मॅच हरला. बाहेर गाडीपाशी समोरच्या संघाचा सहायक कोच भेटला, हसून म्हणाला, "थँक्स सर. मध्यंतरात फोनवर तुमचाच कार्यक्रम लावला होता." आठवडा संपायच्या आत माझी नोकरी पक्की झाली आणि शिष्याची गेली.

मी त्याला फोन केला नाही. चार वेळा नंबर काढला आणि चार वेळा ठेवला. मनाची समजूत घालत राहिलो, की एक कॉर्नर म्हणजे काय मोठं, पाच मॅच तर तो आधीच हरला होता. बायकोनं पुष्कळ दिवस बघितलं आणि एका सकाळी चिरोट्यांचा डबा माझ्या हातात दिला. "फोन नको. तुमचं तोंड फोनवर आणखी वाईट चालतं. घरी जा."

मॅजेस्टिकला मेट्रो बदलून मी के. आर. पुरमला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होतो आणि खोडत होतो. दार त्यानंच उघडलं. घरच्या लुंगीत होता, दाढी वाढलेली. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणालो, "चूक माझी आहे. मला टाळ्या हव्या होत्या."

त्यानं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "सर, मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये आमचा एक मुलगा म्हणाला, तुमचे सर टीव्हीवर काहीतरी सांगतायत. मी म्हटलं, सांगू दे, ते आपलं काही सांगणार नाहीत." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडायला मी चांगला आहे.

मी निघायला लागलो तर त्यानं डबा माझ्या हातातून घेतला आणि आत नेला. त्याची बायको जमिनीवर केळीची पानं मांडत होती. म्हातारे वडील भिंतीला टेकून आधीच बसले होते. थोड्या वेळानं आतून त्याची हाक आली, "पाना वाडली, सर."

त्या घरात पहिल्या पानावर बसायला मला तोंड नव्हतं. मी दारातूनच म्हणालो, "तुम्ही बसून घ्या. मी मागच्या पंगतीला बसतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"मागची पंगत आता चालत नाही, सर," तो म्हणाला. "ती सगळ्यांना माहीत झाली. इथं या, माझ्या शेजारी बसा."